गोड लागलं की सांगा

मळणीला बैल जुंपला की त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. सुतळीचं, जाळीदार. फिरता फिरता त्यानं धान्यात तोंड घालू नये म्हणून.

नांदेड-लातूर गाडीत लोह्याला चढलेल्या म्हातारीनं शेजारच्या मुलीला विचारलं, मांडीवरच्या खोक्यात कोंबडी हाय का? मुलगी म्हणाली, डोक्यात घालायची पिशवी आहे. म्हातारी उठून मागच्या बाकावर गेली.

"फुंका. अजून. अजून. सोडू नका, अजून."

पेढे गंजगोलाईतले. वेलदोडा जरा जास्त.

चाकणहून फोन: तू कधी येणार तेवढं सांग.

सॅकरीन साखरेपेक्षा कितीतरी पट गोड असतं आणि त्यात साखर नसते.

ती जन्मली त्या दिवशी रेशनला साखर आली होती, म्हणून आजोळच्यांनी नाव ठेवलं साखराबाई.

*

गुरुबसप्पांची डाळमिल लातूरच्या एमआयडीसीत आहे. तुरीची टरफलं निघतात तिथून पिवळट भुकटी उडते आणि सगळ्यावर बसते. पत्र्यावर, बल्बवर, बसवेश्वरांच्या तसबिरीवर, माणसांच्या पापण्यांवर. साखराबाई चाळणीवर असायची आणि चाळणीजवळ धूळ सगळ्यात जास्त. पदराचं टोक दातात धरून तिनं तिथं कितीतरी वर्षं काढली. गेल्या थंडीत तिची छाती वाजायला लागली. आडवी झाली की वाजायची, जिना चढली की वाजायची.

डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं. मग म्हणाले, छाती अजून हातात आहे. धूळ आत जायची थांबली तर सुधारेल. एक तर तोंडावर नीट बसणारा मास्क, नाहीतर काम बंद.

काम बंद म्हणजे काय ते साखराबाईला लगेच कळलं. काम बंद म्हणजे लातूरची खोली बंद, म्हणजे चाकणला मुलाकडे. मुलगा सुदर्शन चांगला होता. सून चांगली होती. नात सृष्टी तर मांडीवरून उतरायची नाही. पण दिवाळीत चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहिली तेव्हा कुणाची झोप मोडू नये म्हणून ती न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून खोकत होती. इथं नवरा गेल्यावर तिनं स्वतः खोली बघून घेतली होती. कुलपाला एकच किल्ली होती आणि ती तिच्या कमरेला होती. माहेरी, सासरी, कुठंच असं झालं नव्हतं.

गुरुबसप्पा मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं मिलमधल्या सगळ्यांसाठी रबरी मास्क मागवले, दोन्ही गालांवर गोल चकत्यांचे. माथाडी व्यंकटीनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं मुसकं. मालकाला भ्या वाटतंय, म्हणाला, आपण तूर खाऊन टाकू.

मास्क आले तरी काम झालं नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडावर तो बसतो का, बाजूनं हवा शिरते का, हे तपासावं लागतं. त्यासाठी कंपनीची बाई नांदेडहून येणार होती. मालकानं साखराबाईला आधीच स्पष्ट सांगितलं. बसला तर चाळणी तुमची. नाही बसला तर मी तुम्हाला धुळीत उभं करणार नाही, मग तुम्ही कितीही म्हणा.

*

कंपनीची बाई म्हणजे धम्मप्रिया, वयानं साखराबाईच्या मुलापेक्षाही लहान. तिनं आदल्या संध्याकाळी मुकादम आप्पासाहेबांना फोन करून बजावलं होतं. तपासणीआधी कुणी काही खायचं नाही. चहा नाही, तंबाखू नाही, बायकांनी मिश्री लावायची नाही. फक्त पाणी.

आप्पासाहेबांनी ते अक्षरशः पाळलं. चहावाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. व्यंकटीची तंबाखूची पुडी काढून स्वतःच्या खिशात ठेवली, आणि तो नंतर सारखा त्या खिशाकडं बघत राहिला.

धम्मप्रिया आली. ऑफिसात बसून तिनं सामान धुतलं, जोडलं. मग मशीनच्या खोलीत येऊन सगळ्यांना एकदा विचारलं, "कुणी काही खाल्लंय का?"

सगळे नाही म्हणाले. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

तिनं समजावून सांगितलं. तोंडाला मास्क लावायचा, वरून डोक्यात ही पांढरी पिशवी घालायची. पिशवीला समोर काच आहे, काचेखाली भोक आहे. त्या भोकातून ती आत सॅकरीनच्या गोड पाण्याचा फवारा मारणार, अत्तरवाल्याच्या फुसफुशीसारखा. मास्क नीट बसला असेल तर काहीच लागणार नाही. बाजूनं हवा जात असेल तर गोड लागेल.

"गोड लागलं की सांगा. गोड म्हणजे नापास."

"आमच्यात उलटं असतंय, मॅडम," व्यंकटी म्हणाला. "पास झालं की गोड."

*

आधी मास्कशिवाय एकेक फवारा, चव कळते का ते बघायला. सगळ्यांना कळली, पहिल्याच दाबाला. धम्मप्रियाला बरं वाटलं.

मग मास्क लावून.

व्यंकटी: गोड.

मास्क काढला, पट्टे आवळले, पुन्हा लावला. व्यंकटी: गोडच की.

नागुबाई, जी पोती शिवायची: गोड.

पॉलिशवाला केरबा: आधी विचार केला, ओठ चाटले, मग गोड.

दुसऱ्या मापाचा मास्क. गोड.

साखराबाई: गोड.

हिचं नावच तसलं, व्यंकटी म्हणाला, हिला काय पण लावा. नेहमी अशा बोलण्यावर हसणारी माणसं या वेळी हसली नाहीत.

*

एखाद-दुसरा नापास होतो. दाढी असते, गाल बसलेले असतात, माप चुकतं. मिलच्या मिल नापास झालेली धम्मप्रियानं बघितली नव्हती. तिनं एकेक मास्क उजेडात धरला, झडपा बघितल्या, रबर दाबून बघितलं. सगळं ठीक होतं आणि सगळं गळत होतं.

गुरुबसप्पा हात मागं बांधून बघत होता. आप्पासाहेबांना म्हणाला, खोकं बांधा, माल परत पाठवू. मग साखराबाईकडं वळला, पण तिच्याकडं न बघता बोलला.

"बाई, सोमवारपासून येऊ नका. मी सुदर्शनला फोन लावतो."

साखराबाईनं पदर कपाळावर आणखी पुढं ओढला. मालकानं खरंच फोन लावला. घंटी वाजत राहिली. सुदर्शन कंपनीत पाळीवर होता आणि पाळीवर त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात. मालकानं फोन खिशात घातला, पण पुन्हा लावायचा आहे अशा बेतानं, हात खिशातच ठेवून.

धम्मप्रियानं एकदाच करून बघू म्हणून विनवलं. तिचा स्वतःचा मास्क होता, कित्येक गावी तिनं तो लावून दाखवला होता आणि तो कधी गळला नव्हता. तिच्या तोंडावर तो बसला तर वस्तूत दोष नाही एवढं तरी ठरेल. मास्क काढायला तिनं आपली बॅग उघडली. आत दस्तीत गुंडाळलेला पेढा होता. सकाळी ऑफिसात सामान जोडताना आप्पासाहेबांनी हातावर ठेवला होता, पाहुणी म्हणून असेल, आणि तिनं मान वर न करता गुंडाळून ठेवला होता. नांदेड सोडल्यापासून पोटात काही नव्हतं. कुणीही टाकतो तसा तिनं तो तोंडात टाकला, पाणी प्यायली, मास्क लावला, पिशवी डोक्यात घातली आणि फुसफुशी व्यंकटीच्या हातात दिली.

व्यंकटीनं दाबली.

 मग पिशवी थरथरायला लागली.

"मॅडमला चढलं काय?" व्यंकटीनं विचारलं.

तिलाही गोड लागलं होतं, आणि ती हसत होती. पिशवी काढली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

*

"काका, सकाळचा पेढा कशाचा होता?"

पूजेचा, आप्पासाहेब म्हणाले. मिलमध्ये नवीन वस्तू आली की पूजा होते. ती ऑफिसात होती तेव्हा इथं मास्कच्या खोक्याला विभूती लावली, नारळ फोडला, रांग लावायच्या आधी सगळ्यांना प्रसाद दिला.

"आणि सगळ्यांनी खाल्ला."

"खाल्ला कुणीच न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "घेतला."

धम्मप्रियानं डोळे पुसून विचारलं, म्हणजे?

"तुमी सांगितलं, खायचं न्हाई. मी एकाला खाऊ दिलं न्हाई, इचारा ह्यांना. प्रसाद खाणं कुठं आलं? माझा आज गुरुवारचा उपास हाय. मी पण घेतला. मोडला का उपास?"

 सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं. नागुबाईनं मान डोलावली. व्यंकटीनं जीभ दातांवरून फिरवली आणि दाढेत अडकलेला वेलदोड्याचा कण शोधून काढून बोटावर घेऊन दाखवला.

गुरुबसप्पानं खिशातला हात बाहेर काढला. त्यानं दोन घेतले होते.

*

नळावर रांग लागली. चूळ, पुन्हा चूळ, बोटानं दात घासून पुन्हा चूळ. मग सगळे शेडच्या सावलीत बसून राहिले, कारण आता तोंडाची चव जाईपर्यंत थांबायचं होतं आणि थांबण्याशिवाय काही काम नव्हतं. मशीन बंद असल्यामुळं बोलणं ऐकू येत होतं, हे त्या मिलमध्ये फार वेळा होत नसे.

व्यंकटीनं विषय सोडला नाही. औषध घेतात, म्हणाला, खात न्हाईत. शपथ घेतात आन् खातात पण. मार खातात. लाच आधी घेतात, मग खातात. केरबा म्हणाला, आन् तू डोकं खातो. तंबाखूचं काय, व्यंकटीनं आप्पासाहेबांच्या खिशाकडं बघत विचारलं, तंबाखू कशात धरायची, काका? आप्पासाहेबांनी खिशावर हात ठेवला.

धम्मप्रिया भिंतीला टेकून बसली होती. नागुबाईनं तिला हळूच विचारलं की सकाळी पेढा लगेच तोंडात टाकला नाही तो पूजेचा म्हणून का? ती म्हणाली, तसं काही नाही, मावशी, मी पेढा कुणाचाही खाते. मग दुरुस्त केलं, घेते. नागुबाईला हे फार आवडलं.

साखराबाई यात कुठंच नव्हती. कडेला बसून ती पुन्हा पुन्हा गिळून बघत होती, तोंडात काही उरलंय का.

*

दुसरी फेरी.

व्यंकटी: काय न्हाई. लागतच न्हाई काही. अजून मारा की.

नागुबाई: न्हाई.

केरबानं ओठ चाटले, विचार केला. न्हाई.

प्रत्येक न्हाईला शेडमधली माणसं थोडी थोडी सैल होत गेली. गुरुबसप्पा पोत्यावर बसला. आप्पासाहेबांनी खिशातली पुडी काढून न बोलता व्यंकटीपुढं धरली.

मग साखराबाई. लहान मापाचा मास्क. मान वर, मान खाली. मान डावीकडं, उजवीकडं. फवारा.

तिला लागलं. मघाइतकं नाही. जिभेच्या टोकावर, अगदी थोडं. पण होतं.

आत पिशवीत तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. काचेतून सगळे अंधुक दिसत होते. तिच्या जिभेवर काय आहे ते बाहेर कुणाला कळणार नव्हतं. न्हाई म्हटलं की चाळणी तिची, खोली तिची, किल्ली तिची. व्यंकटीला तिच्या थांबण्यावरूनच कळलं. तो जवळ सरकला आणि पुटपुटला, "न्हाई म्हण, मावशी. कोण बघतंय."

न्हाई म्हटलं की मग धूळही आत येत राहील, या गोडासारखीच, थोडी थोडी.

"गोड हाय," साखराबाई म्हणाली. "कमी हाय. पण हाय."

*

 धम्मप्रियानं पिशवी काढली आणि साखराबाईभोवती एक फेरी मारली. मास्कचे पट्टे साखराबाईनं सगळ्यांसारखेच डोक्यामागं नेले होते, फक्त पदरावरून. साडी गुळगुळीत होती. मान फिरली की पदर सरकायचा, पदराबरोबर पट्टा सरकायचा आणि नाकाजवळ मास्क केसभर उचलला जायचा. बस, तेवढाच.

"मावशी, पदर काढावा लागंल," धम्मप्रिया हळू म्हणाली. "पट्टा केसांवर बसला पाहिजे."

साखराबाई जागची हलली नाही. आप्पासाहेब तिच्या सासऱ्यांचे चुलत भाऊ होते, शिरूर अनंतपाळचे, लग्नात तांदूळ टाकलेले. ती त्यांना मामंजी म्हणायची. इतकी वर्षं एका शेडमध्ये काम केलं, पण त्यांच्यासमोर तिचं डोकं उघडं झालेलं नव्हतं. आत्ता ते चार हातांवर उभे होते.

आप्पासाहेबांनी वर पत्र्याकडं बघितलं. खाली बघितलं.

"मी चहाचं बघून येतो," ते म्हणाले.

मुकादम झाल्यापासून आप्पासाहेब स्वतः कधी चहाला गेलेले नव्हते. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि मागं न वळता म्हणाले, "मालक, तुमी बी चला." गुरुबसप्पा पोत्यावरून उठला आणि आपल्याच मिलमधून, सांगितल्यासारखा, बाहेर गेला. केरबा त्यांच्या मागोमाग. व्यंकटी राहिला, पण भिंतीकडं तोंड करून, आगीच्या लाल बादलीवर लिहिलेलं मोठ्यानं वाचू लागला. आग. आग. दोन्ही बादल्यांवर तेवढंच होतं.

साखराबाईनं पदर खांद्यावर घेतला. मधोमध भांग, पांढरा झालेला. धम्मप्रियानं पट्टे केसांवर बसवले, एक वर, एक मानेशी. मग डोक्यात पिशवी आली आणि साखराबाईच्या जिवात जीव आला. हा पदर तर छातीपर्यंत होता.

मान वर. मान खाली. डावीकडं, उजवीकडं. खोल श्वास. धम्मप्रिया दाबत होती.

"आता बोला."

"काय बोलू?"

"काहीही. घरी बोलता तसं. थांबू नका फक्त."

 मग मास्कमधून, हंड्यातून यावा तसा आवाज.

"सुदर्शन, ऐक. मी येईन. सृष्टीच्या शाळेला सुट्टी लागली की येईन, चार दिस ऱ्हाईन, तिच्या वेण्या घालीन. पण ऱ्हायाला न्हाई येत. तुला वाईट वाटंल. वाटू दे. तू चांगला हाईस, तिथं मला काही कमी न्हाई. पण तिथं मी दुपारी काय करू, सांग. इथं माझं काम हाय. नागूशी भांडण हाय पाण्यावरून, ते अर्धं ऱ्हायलं. माझी मी सकाळी कुलूप लावती आन् माझी मी सांजंला काढती. मला ते बरं वाटतंय. खोकला जाईल म्हणतात डॉक्टर. जाईल. मी ह्ये मुसकं घालून ऱ्हाईन."

नागुबाई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

"मावशी, गोड?"

साखराबाईचं ध्यान अजून चाकणला होतं.

"मावशी. गोड लागतंय का?"

"न्हाई," पिशवी म्हणाली. "रबराचा वास येतोय नुसता."

धम्मप्रियानं तिला वाकायला लावलं, पुन्हा सरळ केलं, पुन्हा दाबलं. न्हाई. आणखी एकदा, नियमात नव्हतं तरी. न्हाई.

"झालं का?" व्यंकटीनं बादलीला विचारलं.

*

आप्पासाहेब आत यायच्या आधी बाहेर चांगले मोठ्यानं खाकरले. तोपर्यंत पदर डोक्यावर आला होता आणि मास्क गळ्यात लटकत होता. त्यांच्या एका हातात किटली होती, दुसऱ्यात कपांची चळत. चहा सांडलेला होता, कारण त्यांना सवय नव्हती. धम्मप्रियानं गुरुबसप्पाकडं बघून मान हलवली. त्यानं मोठा श्वास सोडला, तोही छातीतून थोडा वाजला, आणि धम्मप्रियानं तो ऐकला. तुमचं माप पण घेऊ, म्हणाली. चहा झाल्यावर, मालक म्हणाला.

उद्यापासून पट्टा आधी आणि पदर वरून, असं बायकांचं ठरलं. आप्पासाहेब त्या वेळी फाटकावर असतील, हेही ठरलं, पण ते कुणी बोललं नाही.

चहा ओतून होतो तोच मालकाचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि फोन तसाच साखराबाईपुढं धरला. पाळी सुटली होती.

साखराबाईनं फोन कानाला लावला, बाजूला गेली आणि मघाशी बोललेलं सगळं पुन्हा एकदा बोलली, त्याच क्रमानं, पिशवीशिवाय. पाण्याच्या भांडणाचं तेवढं गाळलं, कारण नागुबाई शेजारीच होती.  मग सुदर्शन म्हणाला, बरं. मग म्हणाला, खोकला कमी हाय का आज? ती म्हणाली, आज धूळच न्हाई, दिवसभर मशीन बंद हाय.

सुदर्शननं चाकणला आईसाठी खिडकीजवळ पलंग आधीच्या रविवारीच आणून ठेवला होता.